जुना कॉम्प्युटर, मोबाइल, टीव्ही, फ्रिज टाकायचाय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की माळ्यावरून बंद पडलेला सीपीयू, डबा टीव्ही आणि चार्जरांनी भरलेली पिशवी खाली उतरते, आणि "हे कुठे द्यायचं हो?" असे फोन सुरू होतात. कॉम्प्युटर दुरुस्ती हा माझा धंदा. आमच्या भागातल्या सोसायट्यांमधून ई-कचरा गोळा करायच्या कामातही मी असतो, त्यामुळे तेच ते प्रश्न वर्षानुवर्षं ऐकतोय. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. अनुभव पुण्या-मुंबईकडचा आहे, पण नियम देशभर सारखेच आहेत.

ई-कचऱ्यात नेमकं काय काय येतं?

वीज किंवा बॅटरीवर चालणारी आणि आता नको झालेली जवळजवळ प्रत्येक वस्तू. आपल्या डोळ्यांसमोर कॉम्प्युटर नि मोबाइल येतात, पण मिक्सर, इस्त्री, पंखा, मुलांची रिमोटची गाडी, बीपी मोजायचं यंत्र, ड्रिल मशीन हेसुद्धा त्यातच मोडतं. आधीच्या नियमांत २१ प्रकारच्या वस्तू होत्या. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ मध्ये ही यादी १०६ वर गेली आणि सोलर पॅनेलही तिच्यात आले. बॅटऱ्यांसाठी मात्र वेगळे नियम आहेत, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

दारात येणाऱ्या भंगारवाल्याला दिलं तर बिघडलं कुठे?

देण्यात काही बिघडत नाही. वस्तू त्याच्या गाडीवरून पुढे जाते तिथे बिघडतं.

भंगारवाला ती घाऊक गोदामात देतो. तिथे लोखंडी पत्रा, प्लास्टिक, वायरी आणि हिरवे बोर्ड वेगळे होतात. पत्रा आणि प्लास्टिक आपापल्या वाटेने जातं, त्यात फारसं वावगं नाही. खरा घोळ वायरी आणि बोर्डांचा. तांबं मोकळं करायची सगळ्यात स्वस्त रीत म्हणजे वायरींचा ढीग करून पेटवायचा. वरचं पीव्हीसी जळताना डायॉक्सिनसारखे विषारी वायू निघतात, आणि वायर पेटवणारा माणूस तोंडाला फडकंही न बांधता शेजारी उभा असतो. बोर्ड शेगडीवर तापवून चिपा उपटल्या जातात, त्या धुरात डाखाचं शिसं असतं. नंतर सोन्यासाठी बोर्ड तेजाबात बुडवतात आणि उरलेलं पाणी गटारात जातं. दिल्लीचं सीलमपूर आणि उत्तर प्रदेशातलं मुरादाबाद या कामासाठी बदनाम आहेत. मुरादाबादेत ही राख आणि हे पाणी रामगंगा नदीच्या काठी जाऊन पडत आलंय. मुंबईतही कुर्ला-धारावीच्या पट्ट्यात सुटे भाग करायचं काम चालतं.

शिसं मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवतं आणि एकदा शरीरात गेलं की सहजी बाहेर पडत नाही. या वस्त्यांमध्ये काम आणि घर बरेचदा एकाच खोलीत असतं, म्हणजे ते आधी कुणाच्या पोटात जाणार हे वेगळं सांगायला नको.

हा प्रश्न आपल्याकडचाच आहे असंही नाही. २०२२ साली जगभरात ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालात आहे.

म्हणजे भंगारवाल्याला दारातून हाकलायचं?

अजिबात नाही. घरोघरी जाऊन, जिने चढून, रोख पैसे देऊन माल गोळा करणारी त्याच्यासारखी यंत्रणा कुठल्याही कंपनीला उभी करता आलेली नाही. वर्तमानपत्रं, लोखंड, काच, प्लास्टिक त्यालाच द्या. बोर्ड, बॅटरी, पडदा किंवा गॅस असलेली वस्तू मात्र बाजूला ठेवा. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेकडे ई-कचरा आणि अवजड सामान उचलायची सोय आहे. मला हा मार्ग सगळ्यात पटतो, कारण गोळा करणाऱ्याची मजुरी बुडत नाही आणि माल तेजाबाच्या पिंपातही जात नाही.

मग द्यायचं कुणाला?

नवी वस्तू घेत असाल तर पहिला मार्ग दुकानच. फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन, एसी घेताना जुनं परत घेण्याची सवलत बहुतेक मोठ्या दुकानांत मिळते. फक्त जुन्या वस्तूचं पुढे काय करता, हे विचारा. विक्रेत्याचा चेहरा गोंधळला तर उत्तर मिळालंच समजा. काही दुकानदार तोच फ्रिज संध्याकाळी टेम्पोवाल्याला विकतात.

दुसरा मार्ग कंपनीचा. नव्या नियमांनुसार वस्तू बनवणाऱ्या किंवा आयात करणाऱ्या कंपनीवर ठरावीक प्रमाणात ई-कचऱ्याचा पुनर्वापर करून घ्यायची जबाबदारी आहे. २०२३-२४ आणि २०२४-२५ साठी ६० टक्के, पुढच्या दोन वर्षांसाठी ७० टक्के आणि २०२७-२८ पासून ८० टक्के. त्यामुळे मोबाइल, लॅपटॉप, प्रिंटर, टीव्हीच्या मोठ्या कंपन्यांच्या वेबसाइटवर जुना माल परत घेण्याचं पान असतं. ते शोधायला थोडी चिकाटी लागते, अगदी तळाशी बारीक अक्षरांत लपवलेलं असतं. कस्टमर केअरला फोन करून "ई-वेस्ट पिकअप" एवढे दोनच शब्द बोललात तर काम लवकर होतं.

तिसरा मार्ग थेट नोंदणीकृत रिसायकलरचा. यांचे कारखाने सहसा एमआयडीसीत असतात. एका इस्त्रीसाठी ते गाडी पाठवणार नाहीत, पण पाच-दहा घरांचा माल एकत्र केलात तर बरेचसे येतात.

चौथा मार्ग महापालिका आणि संस्थांच्या संकलन मोहिमांचा. वॉर्ड ऑफिस किंवा क्षेत्रीय कार्यालयाच्या आरोग्य खात्यात चौकशी करा. गोव्यातल्या वाचकांनी आपल्या पालिकेत किंवा गोवा कचरा व्यवस्थापन महामंडळाकडे विचारावं.

समोरचा खरंच नोंदणीकृत आहे हे कसं ओळखायचं?

गाडीवर हिरवं पान रंगवलंय आणि नावात 'ग्रीन' किंवा 'इको' आहे यावरून काहीच सिद्ध होत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ई-कचरा पोर्टलवर नोंदणी झालेल्या रिसायकलर आणि रिफर्बिशरची (जुनी वस्तू दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांची) यादी आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वेबसाइटवरही राज्यातली नावं मिळतात. फोनवर नोंदणी क्रमांक आणि कारखान्याचा पत्ता विचारायचा, यादीशी ताडून बघायचा. नोंदणीला मुदत असते, तीही पाहा.

यातून मी माझ्यापुरते दोन नियम केलेत. वस्तू अख्खी द्यायची आणि पावती घ्यायची. पावती द्यायला खळखळ करणाऱ्याला माल द्यायचा नाही, मग तो कितीही भाव देवो.

अख्खीच का? मी तांब्याची वायर आणि मोटर काढून घेतली तर?

काढाल, पण मग राहिलेलं कुणी घेणार नाही. रिसायकलरचा सगळा हिशेब चांगल्या धातूच्या जोरावर चालतो. त्यातूनच तो शिशाची काच, फोम आणि मिश्र प्लास्टिक निस्तरायचा खर्च भागवतो. मलई आधीच काढून घेतली तर उरलेला सांगाडा शेवटी नाल्यातच जातो.

फक्त कॉम्प्युटरची हार्ड डिस्क याला अपवाद, ते पुढे सांगतो.

पैसे किती मिळतील?

चालू स्थितीतला लॅपटॉप किंवा फोन असेल तर बरे मिळतात. बंद वस्तूचे फारच कमी, आणि डबा टीव्हीसाठी उलट वाहतुकीचे पैसे मागितले तर दचकू नका. भंगारवाला नेहमीच जास्त भाव देतो. त्याच्या साखळीत धुराच्या चिमणीचा, सांडपाणी शुद्ध करण्याचा किंवा हातमोज्यांचाही खर्च कुणी करत नाही, म्हणून ते परवडतं. नोंदणीकृत कारखान्याला हा सगळा खर्च करावा लागतो, आणि त्याची कमाई धातू विकून आणि पुनर्वापराची जबाबदारी असलेल्या कंपन्यांना त्याची प्रमाणपत्रं विकून होते. ही प्रमाणपत्रं सोनं, तांबं, ॲल्युमिनियम आणि लोखंड या चार धातूंवर मोजतात. या प्रमाणपत्रांसाठी सरकारने किमान दर ठरवून दिला, किलोला २२ रुपये, तेव्हा काही बड्या कंपन्या त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. किलोला २२ रुपये! चाळीस हजारांच्या एसीवर हा बोजा किती, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

घरच्या माणसाला दंड होऊ शकतो का?

ई-कचऱ्याच्या नियमांचा मुख्य रोख कंपन्या, रिसायकलर आणि मोठे वापरकर्ते यांच्यावर आहे. मोठा वापरकर्ता म्हणजे आर्थिक वर्षात कधीही अशी किमान १,००० उपकरणं वापरात असलेली संस्था. मोठी कॉलेजं, बँका, रुग्णालयं, आयटी कंपन्या यात सहज येतात आणि त्यांनी ई-कचरा फक्त नोंदणीकृत उत्पादक, रिफर्बिशर किंवा रिसायकलर यांनाच द्यायचा असतो. घरचा ई-कचरा ओल्या-सुक्यात मिसळून घंटागाडीत टाकला तर पालिकेच्या कचरा वर्गीकरणाच्या नियमांत तुम्ही सापडू शकता, ते वेगळं.

विंडोज १० बंद झाली. आता माझा कॉम्प्युटर भंगारात काढू का?

थांबा. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबवले हे खरं. (गंमत म्हणजे आंतरराष्ट्रीय ई-कचरा दिनही १४ ऑक्टोबरलाच असतो.) पण तुमचं मशीन त्या दिवशी खराब झालेलं नाही. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो, ते नसलं तरी विंडोजऐवजी लिनक्स मिंट किंवा उबंटू ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकून तोच कॉम्प्युटर ब्राउझर, ईमेल, यूट्यूब आणि मराठी टायपिंगसाठी छान चालतो. दोन्ही फुकट आहेत.

मशीन रडतखडत चालत असेल तर हार्ड डिस्क काढून एसएसडी (चिपांवर डेटा साठवणारी वेगवान डिस्क) टाका आणि रॅम आठ जीबी करा. माझ्या दुकानात "हा आता फेकायचाच" म्हणून आलेल्या मशीनपैकी बऱ्याच या एवढ्यावर पुन्हा उभ्या राहतात. दुरुस्तीचं मॅन्युअल, सुट्या भागांची किंमत, वॉरंटी यांची माहिती द्यायला ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ ला 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलंय. सगळ्या कंपन्या तिथे सारखी माहिती देत नाहीत, तरी एकदा बघायला हरकत नाही.

गावच्या शाळेला दान करू का?

चालू असेल तर जरूर. बंद असेल तर तो कचरा तुम्ही शाळेत नेऊन टाकताय. मी जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये असे कोपरे पाहिलेत, दात्याच्या नावाची पाटी चकचकीत आणि खालचे सीपीयू धूळ खात पडलेले. देण्याआधी स्वच्छ करा, डेटा पुसा, ऑपरेटिंग सिस्टीम टाका, कीबोर्ड, माऊस आणि पॉवर केबल सोबत द्या, आणि मुख्याध्यापकांना आधी विचारा की लागतोय का. बिघडला तर कुणाला फोन करायचा तेही लिहून द्या.

फायली डिलीट करून रिसायकल बिन रिकामा केलाय. पुरेसं आहे ना?

नाही. डिलीट केल्याने फाइल जात नाही, फक्त ती जागा रिकामी आहे अशी नोंद होते. फुकट मिळणाऱ्या रिकव्हरी सॉफ्टवेअरने ती परत निघते. साध्या फॉरमॅटलाही तेच लागू. आपल्या कॉम्प्युटरवर काय काय असतं ते आठवून बघा: आधार-पॅनचे स्कॅन, सातबारा, लेकीच्या लग्नाचे फोटो, ब्राउझरमध्ये साठवलेले बँकेचे पासवर्ड.

आधी बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून खात्री करा. मग विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी असं जाऊन 'रिसेट धिस पीसी' निवडा. 'रिमूव्ह एव्हरीथिंग' घ्या आणि पुढच्या पडद्यावर 'चेंज सेटिंग्ज'मध्ये जाऊन 'क्लीन डेटा' चालू करा. हे शेवटचं बटण बहुतेक जण विसरतात आणि खरं काम तेच करतं. फिरत्या हार्ड डिस्कला यात काही तास लागतात, रात्री लावून झोपा. सात वेळा पुसावं लागतं असं कुणी सांगितलं तर ते जुन्या काळातलं आहे, आताच्या हार्ड डिस्कवर एकदा पूर्ण लिहून काढलं की पुरतं.

एसएसडीचं गणित वेगळं. ती कुठला डेटा कुठल्या चिपमध्ये ठेवायचा ते स्वतः ठरवते, त्यामुळे वरून लिहून काढलं तरी काही तुकडे मागे राहू शकतात. तिच्यासाठी उत्पादक कंपनीच्या सॉफ्टवेअरमधलं किंवा बायोसमधलं (कॉम्प्युटर सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंग्जमधलं) 'सिक्युअर इरेज' वापरा. ते जमत नसेल तर आधी विंडोजमधल्या बिटलॉकरने पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करा, म्हणजे डेटाला सांकेतिक कुलूप लावा, आणि मग रिसेट करा, म्हणजे मागे काही राहिलं तरी वाचता येत नाही. नव्या मॅकवर 'इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज' हे एकच बटण काम भागवतं.

कॉम्प्युटर सुरूच होत नाही. मग डेटा कसा पुसणार?

मशीन बंद आहे म्हणजे डिस्क बंद आहे असं नसतं. बहुतेक वेळा एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा डबा) किंवा मदरबोर्ड गेलेला असतो आणि डिस्क ठणठणीत असते. डेस्कटॉपची बाजूची पत्र्याची झडप दोन स्क्रूंवर असते, ती उघडून डिस्क काढून घ्या. जवळच्या दुरुस्तीवाल्याकडून ती दुसऱ्या मशीनला लावून पुसून घेता येते, आणि हे काम तुमच्या समोर बसून करून घ्या.

डिस्कच खराब असेल तर ड्रिलने आरपार दोन-तीन भोकं पाडा. डोळ्याला गॉगल हवाच, कारण लॅपटॉपच्या डिस्कमधली तबकडी पुष्कळदा काचेची असते आणि तिच्या ठिकऱ्या उडतात. एसएसडीत भोक नेमकं काळ्या चिपांवर पडायला हवं, रिकाम्या जागी पाडून उपयोग नाही. तोडलेली डिस्कही ई-कचऱ्यातच द्यायची. कार्यालयांनी रिसायकलरकडून डेटा नष्ट केल्याचं प्रमाणपत्र मागावं.

मोबाइल विकण्याआधी काय करायचं?

क्रम चुकवू नका. आधी फोटो आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप. मग यूपीआय आणि बँकेच्या ॲपमधून खातं काढणं किंवा नवीन फोनवर नोंदणी करणं. मग अँड्रॉइड असेल तर सेटिंग्जमधून गूगल खातं काढणं, आयफोन असेल तर 'फाइंड माय' बंद करून ॲपल खात्यातून बाहेर पडणं. त्यानंतरच फॅक्टरी रिसेट. खातं न काढता रिसेट मारला तर पुढच्या माणसाला तुमचा पासवर्ड मागत फोन अडून बसतो आणि रात्री नऊ वाजता तुम्हाला त्याचा फोन येतो. सिम आणि मेमरी कार्ड काढलं का, हे दोनदा बघा. अलीकडच्या फोनमध्ये साठवण मुळातच एन्क्रिप्टेड असते, म्हणून रिसेटनंतर डेटा परत काढणं जवळपास अशक्य असतं. अगदी जुन्या अँड्रॉइडची तशी खात्री देता येत नाही, तो विकण्यापेक्षा रिसायकलरला द्या.

अनोळखी माणसाला विकत असाल तर आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) लिहून त्याची सही आणि ओळखपत्राची प्रत घ्या. उद्या त्या फोनवरून काही भानगड झाली तर पोलीस आधी तुमच्या दारात येतील. जुना फोन विकत घेणाऱ्यांनी सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर आयएमईआय टाकून तो चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला नाही ना, हे पाहावं. १४४२२ वर इंग्रजीत 'KYM' (केवायएम) लिहून, एक जागा सोडून, आयएमईआय एसएमएस केला तरी कळतं. हा क्रमांक फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की दिसतो.

फोनची किंवा लॅपटॉपची बॅटरी फुगलीय. काय करू?

हे आत्ता करा, बाकीचं पान नंतर वाचा. चार्जर काढा, उपकरण बंद करा. बॅटरी दाबू नका, टोचू नका, "हवा काढतो" म्हणून सुई तर मुळीच लावू नका. आतला थर फाटला की लिथियमची बॅटरी काही सेकंदांत पेट घेते आणि विषारी धूर सोडते. पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू घेऊन त्यात ठेवा आणि डबा बाहेर, उन्हापासून आणि पडद्या-कपड्यांपासून लांब ठेवा. मग सर्व्हिस सेंटरला किंवा रिसायकलरला "फुगलेली आहे" असं आधी सांगून द्या. कुरिअरने पाठवू नका.

न फुगलेल्या सुट्या लिथियम बॅटऱ्या, पॉवर बँक, इयरबड यांच्या टोकांवर चिकटपट्टी लावून वेगळ्या ठेवा. कचऱ्याच्या गाडीत सगळं दाबलं जातं, तिथे एक बॅटरी चिरडली तरी अख्खी गाडी पेटते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांतही ग्राहकाने बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवावी असं स्पष्ट म्हटलंय.

इन्व्हर्टरची आणि गाडीची बॅटरी?

ती शिशाची असते आणि तिला चांगला भाव येतो, त्यामुळे टाकायचा प्रश्नच येत नाही. नवी घेताना जुनी त्याच अधिकृत विक्रेत्याला द्या, बिलातून रक्कम वजा होते. आतलं ॲसिड ओतून हलकी करून देऊ नका.

जुना डबा टीव्ही आणि मॉनिटर इतका नकोसा का?

त्या काचेमुळे. पिक्चर ट्यूबच्या काचेत क्ष-किरण अडवण्यासाठी शिसं मिसळलेलं असतं, एका टीव्हीत किलोच्या हिशेबात. पूर्वी ही काच वितळवून पुन्हा नव्या ट्यूबसाठी वापरत, आता नव्या ट्यूबच कुणी बनवत नाही. भंगारात तांब्याची कॉइल काढून घेतात आणि काच फोडून टाकतात. तुम्ही तो उघडू नका. आतल्या भागात प्लग काढल्यानंतरही बराच वेळ हजारो व्होल्टचा झटका साठून राहू शकतो. मायक्रोवेव्हच्या कपॅसिटरचंही तसंच.

सपाट पडद्यांपैकी सुरुवातीच्या एलसीडींच्या मागे पाऱ्याच्या बारीक नळ्या असतात. एलईडी टीव्हीत त्या नसतात. तरी दोन्ही न फोडता द्या.

फ्रिज आणि एसी देताना कशाची काळजी घ्यायची?

गॅसची. दीड टनाच्या स्प्लिट एसीत साधारण किलोभर गॅस असतो. जुना आर-२२ असेल तर तो एक किलो हवेत सोडणं म्हणजे जवळपास १,८०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखं आहे, शिवाय तो ओझोनच्या थरालाही खातो. भंगारात तांब्याची नळी पक्कडीने तोडतात, फुस्स आवाज येतो आणि संपलं. एसी काढायला आलेल्या मेकॅनिकला 'पंप डाऊन' करायला सांगा, म्हणजे गॅस बाहेरच्या युनिटमध्ये बंद होतो. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, कॉम्प्रेसर चालू असला पाहिजे एवढंच. "गॅस सोडून देतो साहेब, लवकर होईल" म्हणणाऱ्याला थांबवा.

हल्लीच्या घरगुती फ्रिजमध्ये बहुधा आर-६००ए असतो. त्याने हवामानाचं नुकसान फारसं होत नाही, पण तो स्वयंपाकाच्या गॅससारखा पेट घेतो. बर्फ खरवडताना सुरीने नळी फुटली तर खिडक्या उघडा आणि बटणाला हात लावू नका. फ्रिज न्यायला उशीर असेल आणि तो जिन्यात ठेवला असेल तर दार दोरीने करकचून बांधा, लहान मुलं लपाछपीत आत शिरतात.

ट्यूबलाइट, सीएफएल, पेन्सिल सेल?

ट्यूब आणि सीएफएलमध्ये थोडा पारा असतो, म्हणून त्या न फोडता मूळ खोक्यात किंवा कागदात गुंडाळून द्या. फुटलीच तर मुलांना बाहेर काढा, खिडकी उघडा, पंधरा मिनिटांनी जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा, बारीक चुरा चिकटपट्टीने उचला. केरसुणी किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरला तर पारा घरभर पसरतो.

पेन्सिल सेल बरणीत साठवून मोहिमेत द्या. घड्याळ, रिमोट, खेळण्यातले चपटे बटण सेल मात्र बरणीत टाकेपर्यंत टेबलावर पडू देऊ नका. बाळाने गिळला तर अन्ननलिका दोन तासांतही जळू शकते, थेट रुग्णालय गाठावं लागतं.

सेट-टॉप बॉक्स आणि वायफायचा राउटर?

आधी करार बघा. बरेचदा तो कंपनीच्या मालकीचा असतो आणि परत केल्यावर अनामत मिळते. स्वतःचा राउटर असेल तर मागचं रिसेटचं छिद्र टाचणीने दाबून पासवर्ड पुसा.

दुकानाचा कॉम्प्युटर बदलतोय. टॅलीचा डेटा आहे.

मग घाई नको. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाच्या वह्या वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. टॅलीचा बॅकअप दोन ठिकाणी घ्या, नव्या मशीनवर रिस्टोअर करून ताळेबंद जुळतोय का ते सीएंकडून बघून घ्या, मगच जुनी डिस्क पुसा. डिजिटल सहीची पेनड्राइव्ह जुन्या ड्रॉवरमध्ये राहत नाही ना, तेही पाहा. झेरॉक्सच्या मोठ्या मशीनमध्येही हार्ड डिस्क असू शकते आणि तिच्यावर गिऱ्हाइकांच्या कागदपत्रांच्या प्रती साठलेल्या असू शकतात. झेरॉक्सवाल्यांनी मशीन एक्स्चेंजला देताना हे विचारलंच पाहिजे, सहसा कुणी विचारत नाही.

यूट्यूबवर मदरबोर्डातून सोनं काढायचे व्हिडिओ आहेत. घरी जमेल?

सोनं असतं, खोटं नाही. टनभर बोर्डांत ते खाणीतल्या टनभर खडकापेक्षा कितीतरी पट जास्त निघतं. पण एका फोनमध्ये ते साधारण ०.०३ ग्रॅम, म्हणजे तीसेक फोन मोडून जेमतेम एक ग्रॅम. त्यासाठी नायट्रिक आम्लाचा तपकिरी धूर छातीत घ्यायचा आणि उरलेलं आम्ल मोरीत ओतायचं. हॉस्पिटलचं बिल त्या सोन्यात भागत नाही.

सोसायटीत ई-कचरा गोळा करायचाय. कुठून सुरुवात करू?

आधी रिसायकलर पक्का करा, नंतर नोटीस लावा. उलट केलं तर वॉचमनच्या खोलीत डोंगर साठतो आणि सेक्रेटरी तुमच्यावर डाफरतात. २६ जानेवारी किंवा दिवाळीच्या आधीचा रविवार चांगला, सगळे घरी असतात. सकाळचे दोन-तीन तास पुरेत. बॅटऱ्या आणि ट्यूबलाइट यांच्यासाठी वेगळी खोकी ठेवा. टेबलावर एक जण फक्त "डेटा पुसलाय का?" एवढंच विचारायला बसवा. गाडी निघण्याआधी वजन करून सोसायटीच्या नावाने पावती घ्या आणि तिचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, पुढच्या वर्षी दुप्पट माल येतो. मिळालेल्या पैशांवरून वाद नको असतील तर ते सफाई कामगारांना द्यायचं आधीच जाहीर करा.

आम्ही तालुक्याच्या गावी राहतो. इथे यातलं काहीच नाही.

खरं आहे, शहराबाहेर सोय तुटपुंजी आहे. पण कोरड्या जागी ठेवलेला बंद मोबाइल वर्षभर पडून राहिला तरी कुणाचं काही अडत नाही, म्हणून जाळण्यापेक्षा किंवा विहिरीकाठी फेकण्यापेक्षा साठवलेलं बरं. फुगलेली बॅटरी तेवढी साठवू नका. मोबाइल, चार्जर, रिमोट यांसारख्या छोट्या वस्तू शहरात जाताना पिशवीतून न्या, मोठ्या कंपन्यांच्या अनेक सर्व्हिस सेंटरमध्ये त्या घेतात. फ्रिज, टीव्हीसारखा मोठा माल नवी वस्तू पोचवायला आलेल्या टेम्पोतूनच परत पाठवता येतो, मात्र हे खरेदी करताना बिलावर लिहून घ्या. ग्रामपंचायत, हायस्कूल आणि गावातला मोबाइल दुरुस्तीवाला एकत्र आले तर वर्षातून एकदा रिसायकलरची गाडी बोलावण्याइतका माल नक्की निघतो. दुरुस्तीवाल्याकडे तर पोत्याने बोर्ड पडलेले असतात, पहिला फोन त्यालाच करा.